तीन वाजताचा अंगठा

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आज वॉर्डात नवीन साहेब आले. नाव सुयोग, वय फार तर तीस, राहायला अंधेरीला, कामाला आमच्याकडे मुलुंडला. पद काय, तर मनुष्यबळ नियोजन अधिकारी. कुठल्या वॉर्डात किती माणसं लागतात हे आता हा सांगणार. ज्याने आयुष्यात कुणाची चादर बदलली नाही, तो मला सांगणार.

मी सव्वीस वर्षं या हॉस्पिटलात आहे. त्यातली शेवटची आठ तिसऱ्या मजल्यावर, पुरुषांच्या मेडिकल वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर. बत्तीस खाटा. सकाळची पाळी सात ते तीन, त्यात मी सोडून चार सिस्टर. सुयोगसाहेबांनी टॅबलेटवर बोट फिरवत विचारलं, "मॅडम, तुमच्या सिस्टर खरं किती वाजता निघतात?"

मी म्हटलं, "तीनला. मशीन बघा ना."

"मशीन बघूनच आलोय. सगळ्या वॉर्डांत ओव्हरटाइम आहे. तुमच्याकडे शून्य. आठ वर्षं."

हा कौतुक करतोय की संशय घेतोय ते कळेना. मी कपाटावरची ढाल दाखवली. सर्वांत शिस्तीचा वॉर्ड म्हणून ती लागोपाठ तीन वर्षं आमच्याकडे आहे. माझ्या वॉर्डात ओव्हरटाइम नाही म्हणजे नाही, असं ठणकावून सांगितलं.

आता वहीत खरं लिहायला काय हरकत आहे. पूर्वी एकदा मेट्रनबाईंनी सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढली होती, "मालन, तुमच्या मुलींना वेळेत काम उरकत नाही का?" तेव्हापासून आमचा नियम: तीन वाजले की तळमजल्यावर जाऊन मशीनवर अंगठा लावायचा, मग जिन्याने वर यायचं आणि राहिलेल्या फायली, औषधांची मागणी, जे काय असेल ते पुरं करायचं. मशीनला काय कळतंय. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आज वॉर्डातून निघाले ४:५० ला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

शीतलशी वाजलं.

ही कंत्राटावरची सिस्टर, चेंबूरची, सव्वीस वर्षांची. हात इतका चांगला की सुकलेल्या म्हाताऱ्यांचीही पहिल्या टोचणीत शीर सापडते. पण तोंड फटकळ आणि डोक्यात तत्त्वं. काल तीन पन्नासला पंच केला.

म्हटलं, "शीतल, हे काय?"

"तीन पन्नासलाच निघाले ना, सिस्टर."

"तीनला लावून वर यायला पाय दुखतात?"

"काम चालू असताना मशीनला घरी गेले असं कशाला सांगू? आणि ते लावायला जाऊन येईपर्यंत दहा मिनिटं जातात. तेवढ्यात दोन फायली होतील."

तिला समोर बसवून समजावलं. तिचं कंत्राट ३१ डिसेंबरला संपतंय. सकाळची चौथी जागा ठेवायची की काढायची हे या सुयोगच्या अहवालावर ठरणार. जागा गेली की शीतल गेली, बाकीच्या तिघी कायम आहेत. उशिराचा पंच दिसला की त्याला वाटणार, ही मुलगी ढिली आहे. मी तिच्या भल्याचं सांगत होते. ती ऐकून घेतल्यासारखं करून म्हणाली, "उलट उशीर दिसला तर त्यांना कळेल ना, चौघी पण कमी पडतात ते."

याला म्हणतात पोरकटपणा. साहेब लोकांना असं कळत असतं तर काय हवं होतं.

शेवटी ऐकलं. आज तीन वाजून एक मिनिटाने अंगठा, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. निघाले ५:०५.

२६ नोव्हेंबर, बुधवार

साहेब आज न सांगता साडेतीनला वर आले. चौघीही वॉर्डात. दोघी फायली लिहीत होत्या, शुभा औषधांची ट्रॉली भरत होती, शीतल अकरा नंबरच्या दत्ताराम काकांना पाणी पाजत होती. मशीनवर चौघी घरी गेलेल्या.

"या अजून इथे?" साहेबांनी विचारलं.

माझ्या तोंडातून पटकन निघालं, "चहाला थांबल्यात. मैत्रिणी मैत्रिणी आहेत, गप्पा मारत बसतात."

शीतलने ग्लास हातात तसाच धरून माझ्याकडे बघितलं. मी डोळे वटारले. साहेबांनी टॅबलेटवर काहीतरी टिपलं आणि म्हणाले, "म्हणजे ड्यूटीनंतरही त्यांच्यात एनर्जी उरते. छान आहे."

छान तर छान. वेळ निभावली. पण हा माणूस चोरपावलांनी हिंडतो, हे मला मुळीच आवडलेलं नाही. निघाले ४:४०.

२ डिसेंबर, मंगळवार

सहा तारखेची रजा मागायला शीतल आली. दादरला त्या दिवशी लोटणाऱ्या गर्दीसाठी तिची मंडळी प्रथमोपचाराचं टेबल लावतात, ती दर वर्षी तिथे बसते. मी आधी कुरकुरले. शनिवारी तीन सिस्टरमध्ये वॉर्ड कसा ओढायचा? सगळ्यांचे दिवस असतात आणि वॉर्ड येतो माझ्या गळ्यात. मग ती शांतपणे म्हणाली, "सिस्टर, गणपतीत तुम्ही पाच दिवस कणकवलीला होता. तुमचं टेबल मीच बघितलं."

बघितलं होतं हे खरं. सही केली. पण असं तोंडावर कशाला बोलायचं माणसाने.

६ डिसेंबर, शनिवार

कंबरेचा काटा ढिला झाला. तीन सिस्टर, पाच नवीन ॲडमिशन, सहा डिस्चार्ज. शीतलच्या आठ खाटा मीच घेतल्या. इंजेक्शनं, स्पंज, डॉक्टरांचा राउंड, सगळं. जेवणाचा डबा तसाच परत आणला. तिघींना तीनला खाली पिटाळलं, अंगठा लावून पुन्हा वर बोलावलं. त्या पाचला गेल्या, मी ६:१५ ला.

पण एकही फाइल अपुरी नाही, एकही औषध चुकलं नाही. मला माझाच अभिमान वाटला, तो का लपवू?

८ डिसेंबर, सोमवार

साहेबांनी शनिवारचे आकडे काढले होते. "मॅडम, परवा तुमच्याकडे तिघीच होत्या. कुणाचा उशिरा पंच नाही, फायली शंभर टक्के पूर्ण. कसं जमवलंत?"

मी सांगितलं, "आमच्या वॉर्डात जमतं. माणसांचा हातगुण असतो." मुद्दाम जरा तोऱ्यात बोलले, म्हटलं याला दिसू दे माझा वॉर्ड काय चीज आहे ते. चांगल्या वॉर्डाची माणसं कुणी काढत नाही.

जाता जाता म्हणाला, "नक्की काही सांगायचं राहिलं नाही ना?" केवढा भोचक. निघाले ४:५५.

११ डिसेंबर, गुरुवार

मेला उलटला.

मेट्रनबाईंच्या केबिनमध्ये अहवाल वाचला गेला. आमच्या वॉर्डाबद्दल लिहिलंय, 'चार सिस्टर असताना व तीन सिस्टर असताना कामगिरीत फरक आढळत नाही.' शिवाय असंही, की पाळी संपल्यावर कर्मचारी चहापाण्यासाठी थांबतात, यावरून कामाचा ताण मर्यादित दिसतो. सोमवारपासून आठवडाभर तिघींवर चाचणी. शुभाला तेवढ्यापुरती कॅज्युअल्टीत दिली. चाचणी नीट पार पडली तर चौथी जागा रद्द, म्हणजे शीतल ३१ ला घरी.

मी तिथेच फणकारले, "माणसं म्हणजे भाजी आहे का, चार जुड्यांच्या तीन करायला?"

सुयोग म्हणाला, "मॅडम, मी तुमचेच आकडे वापरलेत."

माझे आकडे! मी सव्वीस वर्षं पाय झिजवले आणि हा टॅबलेटवाला उंटावरचा शहाणा माझे आकडे मलाच फेकून मारतो. त्याला कामातलं काही कळत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

वर आल्यावर शीतलला सांगितलं. तिने ऐकलं, सलाईनची बाटली लावली, थेंब मोजले आणि म्हणाली, "मग झालं ना तुमच्या मनासारखं. शून्य ओव्हरटाइम." मला इतका राग आला की पाणी प्यावं लागलं. हिच्यासाठी जिवाचं रान करतेय आणि ही मलाच दूषण देते.

१४ डिसेंबर, रविवार

घरी. भांडुपला आज पाणी कमी दाबाने, त्यामुळे आधीच डोकं फिरलेलं. त्यात अनंतनी भर घातली. आमचे यजमान एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते, निवृत्त झाल्यापासून माझ्या नोकरीचे सल्लागार झालेत.

सगळं ऐकून म्हणाले, "गो, आमच्या कारखान्यात घड्याळ घेऊन सायेब येय, तेव्हा आम्ही एक नट फिरवूक दुप्पट येळ लावू. तुझा सगळाच उलटा. सायेब इलो की तू धावतंस."

"तुमचे नट होते. माझ्याकडे माणसं आहेत."

"म्हणानच सांगतंय. एकदा सांग त्येका, नाय जमणा म्हणान. एक आठवडो तीनाक लावलेलो अंगठो पाचाक लाव. फुकट कित्याक मरतंस?"

मी म्हटलं, माझ्या वॉर्डात आजवर 'जमत नाही' हा शब्द कुणी वापरलेला नाही, आणि उतारवयात मी तो वापरणार नाही. अनंत टीव्हीकडे वळले. तीस वर्षं नट फिरवले त्यांना वॉर्ड काय कळणार.

१५ डिसेंबर, सोमवार

चाचणी सुरू. तिघी आणि मी. अकरा अकरा खाटा, एकीला दहा. मी ठरवलंय, शीतलची जागा वाचवायची तर एकच मार्ग, वॉर्ड असा चोख चालवायचा की वरच्यांना लाज वाटली पाहिजे असल्या माणसांना हात लावायची.

निघाले ६:००.

१८ डिसेंबर, गुरुवार

काही गोष्टी वगळाव्या लागतायत. पाठीला पावडर लावणं दिवसातून दोनदाचं एकदा केलं. चौदा नंबरची पाठ लाल दिसली, उद्या लक्ष ठेवायला हवं. इव्हिनिंगच्या पाळीने कुरकूर केली की आम्ही त्यांच्यासाठी पसारा ठेवून जातो. त्यांनी कधी ठेवला नाही वाटतं.

दत्ताराम काकांचा आज मूड चांगला. घाटकोपरचे, वय चौऱ्याहत्तर, न्यूमोनियातून उठले. मला हेडबाई म्हणतात. "हेडबाई, तुमच्या पोरी वाऱ्यावर असल्यासारख्या पळतात. कुणाला हाक मारायची तर आधी पकडायला लागते." सोमवारी किंवा मंगळवारी घरी सोडणार त्यांना. अजून तोल जातो, म्हणून संडासला जाताना सिस्टर सोबत हवी, असं फाइलवर मीच लाल शाईने लिहिलंय.

शीतलने आज परत विचारलं, "सिस्टर, फक्त आजचा दिवस खरा पंच करू का? फक्त आज." मी नाही म्हटलं. चाचणीच्या आठवड्यात? वेड लागलंय हिला.

निघाले ५:५०. पाय सुजलेत.

२२ डिसेंबर, सोमवार

दुपारी ३:०५. आज ही वही डेस्कवर काढली आहे, एरवी घरी लिहिते. पण आज राहवत नाही. आठ दिवसांची चाचणी तीन वाजता संपली. एकही उशिरा पंच नाही. शीतलने शेवटच्या क्षणी घोळ घातलाच होता. तीनला दोन मिनिटं कमी, तिघींपैकी दोघी खाली गेलेल्या, आणि ही दत्ताराम काकांना संडासाकडे घेऊन चाललेली. मी इथूनच ओरडले, "शीतल, मशीन!" ती म्हणाली, "काकांना आणते आणि जाते." मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता, आठ दिवसांवर पाणी ओतू नको. मग काकांना दाराजवळच्या खुर्चीत बसवून पळाली. मी ओरडले नसते तर आजही उशीर झाला असता. तिघी खाली, इव्हिनिंगच्या अजून कपडे बदलतायत, वॉर्ड शांत आहे. दिवस सुरळीत.

रात्री ८. काका पडले. वरच्या ओळी लिहीत असताना. आवाज मलाच आधी ऐकू आला आणि मला वाटलं मावशींची बादली असेल. म्हणून मी उठले नाही लगेच. शीतल जिन्यावरून वर आली, तिने पाहिलं. खुबा मोडला असं एक्सरेत दिसतंय. त्यांना ऑर्थोच्या वॉर्डात नेलं.

हे सगळं त्या सुयोगमुळे. चौथी असती तर काकांसोबत कुणीतरी असतं.

२४ डिसेंबर, बुधवार

काल काकांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. घरचे लोक चिडलेत, त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही.

आणि आता हे. शीतलला कारणे दाखवा नोटीस आली आहे. मशीन म्हणतं, ती तीन वाजून दोन मिनिटांनी ड्यूटीवरून गेली. फाइलमध्ये तिच्या अक्षरात ३:४० ची नोंद आहे, 'रुग्ण ३:०८ वाजता जमिनीवर आढळला, मी उचलून खाटेवर घेतले, डॉक्टरांना कळवले.' कमिटीचं म्हणणं, घरी गेलेल्या सिस्टरने नोंद कशी केली? म्हणजे एक तर नोंद खोटी, नाहीतर पेशंट सोडून ती आधीच निघून गेली. दोन्हीपैकी काहीही ठरलं तरी कंत्राट तर जाईलच, पण नर्सिंग कौन्सिलला कळवलं तर तिचं रजिस्ट्रेशनही धोक्यात. मग कुठेच नोकरी नाही.

तिने उत्तरात लिहिलंय, 'इन्चार्ज सिस्टरच्या सांगण्यावरून अंगठा लावून परत आले.' माझं नाव लिहायची काय गरज होती? दोघी मिळून काहीतरी सांगता आलं असतं.

२७ डिसेंबर, शनिवार

कमिटीपुढे बोलावलं. मेट्रनबाई, दोन डॉक्टर, कोपऱ्यात सुयोग. शीतल समोर उभी. मेट्रनबाईंनी विचारलं, "मालन सिस्टर, पंच करून परत यायची तुमची सूचना होती का?"

मी म्हटलं, "माझी अशी कुठलीही लेखी सूचना नाही."

हे खरं आहे. लेखी काही नाही. मी खोटं बोलले नाही.

शीतलने नोटिशीची घडी घालून खिशात ठेवली. मला वाटलं होतं भांडेल. जिन्यात मी तिला गाठून म्हटलं, "बघू गं, काहीतरी करते." ती पायरीवर थांबली आणि म्हणाली, "सिस्टर, करायचं ते आत करायचं होतं. बाहेर काय करताय?" आणि गेली. उद्धट आहे ती, पहिल्यापासून.

बाकी काय लिहू. डोकं दुखतंय.

२८ डिसेंबर, रविवार

दुपारी अनंतना सांगितलं. मला वाटलं, आता म्हणतील मी सांगितलं होतं. तसं काही म्हणाले नाहीत. म्हणाले, "लेखी नाय म्हणतंस. मगे तू रोज त्या वयीत काय लिवतंस?"

मी वही काढली. शोधत होते सुयोगने कुठे काय चूक केली ते, खरंच, म्हणजे कमिटीपुढे मांडता येईल. १७ नोव्हेंबरपासून वाचत गेले. ४:५०. ५:०५. ४:४०. ६:१५. ४:५५. सहा. ५:५०. प्रत्येक पानावर माझ्याच हाताने खरी वेळ लिहिलेली, आणि प्रत्येक पानावर तो मुलगा मला काहीतरी विचारतोय आणि मी त्याला ढाल दाखवतेय. २२ तारखेपर्यंत आले. 'मी ओरडले नसते तर आजही उशीर झाला असता.' हे मी लिहिलंय. हे लिहीत असताना तो म्हातारा खुर्चीतून उठत होता.

ट्रेनिंगला असताना आमच्या ट्यूटर सांगायच्या, जे लिहिलं नाही ते केलं नाही असं धरतात. आठ वर्षं आम्ही रोज दोन दोन तास जे केलं ते कुठेच लिहिलं नाही. मग ज्याने कागद वाचला तो काय म्हणणार, तीन पुरतात. मलाच मी तसं वाचून दाखवलं असतं तर मीही म्हटलं असतं.

मला लाज वाटली. अनंत स्वयंपाकघरात चहा करत होते म्हणून बरं.

२९ डिसेंबर, सोमवार

ऑर्थोच्या वॉर्डात काकांना भेटायला गेले. उताणे पडलेले, खुब्यावर ड्रेसिंग. म्हणाले, "हेडबाई, त्या पोरीला काही करू नका. ती म्हणाली, काका, हलू नका, आलेच. मीच उठलो. मला वाटलं तिला घाई आहे, आपण आपलं उरकावं."

मी म्हटलं, तिची चूक नाही, बघते मी.

"घाई तिला नव्हतीच म्हणा," ते म्हणाले. "हाक तुम्हीच मारलीत."

राग नव्हता आवाजात. पाणी मागितल्यासारखं म्हणाले. मी त्यांची उशी नीट केली आणि बाहेर आले.

मग दुसऱ्या मजल्यावर सुयोगच्या केबिनमध्ये गेले. उभ्याउभ्याच सांगितलं. तो मधे बोलला नाही, हे त्याच्या बाजूने लिहायला हवं. शेवटी म्हणाला, "मॅडम, हे मला नोव्हेंबरात का नाही सांगितलंत? मी तीनदा विचारलं."

"तुम्ही विचारता तसं विचारलं तर कुणी सांगत नाही," मी म्हटलं. "टॅबलेट बघत विचारता. एक दिवस सातला येऊन तीनपर्यंत उभे राहिला असतात तर विचारायची वेळ आली नसती."

तो लाल झाला. झाला तर झाला, तेही खरंच आहे. म्हणाला, "बरोबर आहे. पण आता माझ्याकडे पुरावा नाही. तुम्ही बोललात ते उद्या कमिटी म्हणेल, मुलीला वाचवायला बोलतायत. शनिवारी तर तुम्ही उलटच सांगितलंत."

पुरावा आहे, मी म्हटलं. उद्या देते.

३० डिसेंबर, मंगळवार

ही वही आज सुयोगच्या टेबलावर ठेवणार आहे. सोबत एका पानाचा जबाब, सहीसकट: अंगठा लावून परत यायची तोंडी सूचना माझी होती, आठ वर्षं होती, २२ तारखेला शीतलला पेशंटजवळून मी उठवलं, आणि ती ३:४० ची नोंद खरी आहे. एक प्रत मेट्रनबाईंना सकाळीच दिली. त्यांनी वाचून चष्मा काढला आणि विचारलं, "निवृत्तीला किती राहिलं तुम्हाला?" मी म्हटलं, दोन वर्षं. "कशाला हे आता?" वॉर्डातल्या कपाटावरून काढून सोबत नेलेली ढाल मी त्यांच्या टेबलावर ठेवली, जड होती, हात भरून आला.

शीतलला जबाब दाखवला. सावकाश वाचला, दोनदा. मला वाटलं, काहीतरी बरं बोलेल. म्हणाली, "तारीख ३० आहे, सिस्टर. शनिवारी २७ होती." आणि फाइल घेऊन चौदा नंबरकडे गेली. तिथे आता जखम झालीय पाठीला, रोज ड्रेसिंग लागतं. उद्या तिचं काय होईल ते मला माहीत नाही. ती आज काम करतेय तेवढं दिसतंय.

सुयोगसाहेब, हे तुम्ही वाचाल म्हणून लिहिते. यात तुम्हाला उंटावरचा शहाणा म्हटलंय, मेला म्हटलंय, भोचक म्हटलंय. मी खोडलेलं नाही. आमच्यात नोंदीत खोडाखोड चालत नाही. चुकलं तर त्यावर एकच रेघ ओढायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही करायची. मी एकाच ठिकाणी तशी रेघ ओढली आहे. २२ तारखेच्या पानावर 'दिवस सुरळीत' आहे, तिथे. बाकीचं माझं मत आहे, ते तसंच आहे. तुम्ही सातला येऊन उभे राहा, मग बघू.

वेळांकडे मात्र लक्ष द्या. त्या खऱ्या आहेत.

तीनला मुली माझ्याकडे बघत होत्या, खाली जाऊ का म्हणून. मी म्हटलं, बसा, काम उरकेल तेव्हा जा. शीतल तेव्हा इंजेक्शन भरत होती, तिने मान वर केली नाही.

आत्ता ५:४० झालेत. फायली झाल्या. खाली जाते आणि अंगठा लावते.